आधी लाठी की थेट दांडपट्टा?

प्रश्न: मर्दानी खेळ शिकायचे आहेत. थेट दांडपट्ट्यापासून सुरुवात केली तर चालेल का?

उत्तर: नको, आधी लाठी धरा. दांडपट्टा 2024 मध्ये राज्यशस्त्र झाला, तेव्हा त्याची ओढ वाटणारच. पण त्याच्या खोबळ्यात, म्हणजे हात झाकणाऱ्या मुठीत, मनगट जखडलेलं असतं. फिरवायचं ते कोपर, खांदा आणि कंबरेतून. पवित्रा कच्चा असला, की लवचीक पातं वळून आपल्याच पोटरीवर येतं. लाठीत तोच पवित्रा घोटून घेता येतो आणि चूक बहुधा नडगीच्या टेंगळावर भागते. लाठीत मनगट मोकळं सुटतं, ती सवय पुढे नडते, असा आक्षेप घेतात. खरा आहे, पण खोबळा हातात चढला की मनगट आपोआप गप्प बसतं, चुकीचं पाऊल मात्र कोणतंही शस्त्र सुधारत नाही. पुढे पट्टा घ्याल तोही बोथटच, वस्तादांच्या नजरेखाली.