शेकोटीवाचून ऊब

नाताळची सुट्टी लागली की मावळातील वाटा गजबजू लागतात. कोणी पुण्याहून लोकल गाडीने येऊन मळवलीस उतरतात, भाज्याची लेणी पाहतात आणि लोहगड चढतात. कोणी लोणावळ्यास जातात, तर कोणी तुंग-तिकोन्याच्या पायथ्याशी, पवनेच्या जलाशयाकाठी रात्र काढतात. थंडीतल्या मुक्कामास शेकोटी हवीच, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, ते थोडे गणित करून पाहू.

शेकोटीचा हिशेब

समजा, दहा जणांनी मिळून 10 किलोग्रॅम वाळकी लाकडे दोन तासांत जाळली. 1 किलोग्रॅम वाळक्या लाकडापासून सुमारे 15 मेगाज्यूल उष्णता मिळते. म्हणजे एकूण 150 मेगाज्यूल. दोन तासांचे सेकंद 7200. भागाकार केल्यास दर सेकंदास सुमारे 20 किलोज्यूल, म्हणजेच 20 किलोवॅट असे उत्तर येते. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाच्या शरीरातून सुमारे 100 वॅट उष्णता बाहेर पडते. तेव्हा आपली शेकोटी 200 माणसांच्या अंगच्या उष्णतेएवढी उष्णता देत असते!

तरीही शेकोटीपुढे बसल्यावर तोंड भाजते आणि पाठ मात्र गारठते. असे का व्हावे? तापलेली हवा हलकी होऊन सरळ वर निघून जाते. हे झाले अभिसरण. आपल्यापर्यंत पोहोचते ती मुख्यतः प्रारणाने आलेली उष्णता, आणि तीही फक्त विस्तवाकडे तोंड केलेल्या बाजूस. बरीचशी उष्णता आकाशास अर्पण होते. शिवाय वाळक्या लाकडात वजनाने जवळजवळ निम्मा कार्बन असतो. 12 ग्रॅम कार्बन पूर्ण जळाला की 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. या हिशेबाने आपल्या शेकोटीतून सुमारे 18 किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

घोंगडीचे शास्त्र

मावळातील शेतकरी थंडीत घोंगडी पांघरतो. घोंगडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. लोकरीच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते. हवा उष्णतेची दुर्वाहक असल्यामुळे शरीराची 100 वॅट उष्णता सहजासहजी बाहेर जात नाही. एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातले, तर त्यांच्यामधील हवेचे थरही हेच काम करतात. मात्र कपडे कोरडे हवेत. पाणी हवेपेक्षा वीस पटींहून अधिक उष्णता वाहून नेते. म्हणून चढताना घामाने भिजलेला सदरा मुक्कामी पोहोचताच बदलावा. जमिनीतूनही गारवा लागतो. अंथरुणाखाली जुन्या वर्तमानपत्रांचे चार-सहा थर घालावेत.

आता या 100 वॅटसाठी इंधन किती लागते? शेंगदाणा आणि गूळ यांच्या 100 ग्रॅम चिक्कीतून सुमारे 500 किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ 2100 किलोज्यूल ऊर्जा मिळते. स्वस्थ बसलेल्या माणसास ती सुमारे पावणेसहा तास पुरते. घरची बाजरीची भाकरी, तिळाची चटणी आणि गूळ फडक्यात बांधून नेल्यास खर्चही वाचतो आणि रिकाम्या पुड्यांचा कचराही होत नाही.

मुक्कामाची जागाही विचारपूर्वक निवडावी. निरभ्र रात्री जमीन प्रारणाने लवकर थंड होते. तिच्यालगतची गार, जड हवा उतारावरून ओघळत खोलगट भागात साचते. म्हणून ओढ्याकाठच्या खळग्यापेक्षा थोडी उंचावरची, आडोशाची जागा बरी.

राखेखालचा निखारा

शेकोटीचा खरा धोका मात्र वेगळाच आहे. पावसाळ्यात डोंगरांवर माजलेले गवत डिसेंबरात वाळून कोळ होते. ते मावळातील गुराढोरांचा उन्हाळ्यातील चारा असते. पूर्वी घरोघरी रात्री चुलीतील निखारा राखेने झाकून ठेवीत आणि सकाळी त्यावरच चूल पेटवीत. राख दुर्वाहक असल्याने निखारा रात्रभर जिवंत राहतो. घोंगडीचे तत्त्व ते हेच! विझली असे समजून सोडून दिलेल्या शेकोटीतही असाच निखारा दडलेला असतो. वाऱ्याने राख उडाली, एक ठिणगी गवतात पडली, की वणवा पेटतो. त्यात चारा जातो, रोपे आणि किडेमुंग्या जळतात. उघड्या पडलेल्या उतारावरील माती पुढच्या पावसात वाहून जाते आणि खालच्या जलाशयात गाळ होऊन बसते. पवनेच्याच पाण्यावर पिंपरी-चिंचवडकरांची तहान भागते, हे ध्यानात घ्या. कोठे विझती शेकोटी दिसली, तर नुसती माती लोटू नका. भरपूर पाणी ओतून काठीने ढवळा आणि राख गार झाल्याची खात्री करूनच पुढे जा.

करून पाहा

चार सारख्या बाटल्यांत वडीलधाऱ्यांच्या मदतीने सारखेच गरम पाणी भरा. पहिली उघडी ठेवा. दुसरीस एक जाड कापड गुंडाळा. तिसरीस तेवढ्याच वजनाच्या पातळ कापडाचे तीन सैल वेढे द्या. चौथीस तसेच तीन वेढे द्या, पण ओल्या कापडाचे. दर दहा मिनिटांनी तापमापीने तापमान मोजा आणि तासाभराच्या नोंदींचा आलेख काढा. कोणती बाटली सर्वांत आधी थंड झाली? चौथ्या बाटलीच्या बाबतीत वहनाखेरीज आणखी कोणती क्रिया उष्णता पळवीत असावी? विचार करा, आणि मगच सहलीची पिशवी भरा.