उन्हाळ्यात टायरची हवा कमी ठेवावी का?

प्रश्न : मे महिन्यात यवतमाळहून पांढरकवड्याला निघालो की हवा भरणारा पोरगा हमखास सांगतो, "ऊन लय तापून राह्यलं भाऊ, दोन-तीन पॉइंट कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटते." यात तथ्य किती?
(एक वाचक, दारव्हा)

उत्तर : काहीच नाही. हवा कमी ठेवल्यामुळेच उन्हाळ्यात टायर फुटतात. तरीही हा सल्ला जिल्ह्यातल्या प्रत्येक पंपावर मिळतो, कारण ऐकायला तो पटतो. हवा तापली की फुगते, फुगली की दाब वाढतो, दाब वाढला की टायर फुटतो, म्हणून आधीच थोडी जागा ठेवावी. यातली पहिली दोन वाक्यं बरोबर आहेत. घोटाळा तिसऱ्यात आहे.

दाब वाढतो तो किती, हे एकदा बघून घेऊ. समजा सकाळी सहाला तुमच्या अंगणात 27 अंश तापमान आहे आणि टायरमध्ये 33 पॉइंट, म्हणजे 33 पीएसआय हवा आहे. दुपारी चौपदरीवरून तासभर गाडी पळवली आणि टायरच्या आतली हवा 62 अंशांवर गेली. आता गेज लावलं तर काटा 38 च्या थोडा पुढे जाईल. म्हणजे वाढ पाच-साडेपाच पॉइंटांची. धडधाकट टायर याच्या कितीतरी जास्त दाब सोसतो. शिवाय गाडीच्या कंपनीने 33 चा आकडा ठरवला तेव्हा ही वाढ हिशेबात धरूनच ठरवला. तो आकडा थंड टायरचा असतो. गाडी निदान तीन तास उभी हवी, किंवा घरापासून पंपापर्यंत दोन-तीन किलोमीटरच चाललेली हवी.

आता त्या पोराचं ऐकू. भर दुपारी, तापलेल्या टायरची हवा सोडून त्याने काटा पुन्हा 33 वर आणून दिला. रात्री गाडी दारात थंड झाली की त्याच टायरमध्ये 28 च उरतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही पाच पॉइंट कमी हवेवर निघता, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

हवा कमी असली की टायरचं पोट रस्त्यावर जास्त पसरतं आणि त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते, सुटते. लहान गाडीचं चाक एका किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे घेतं. ताशी नव्वदच्या वेगाला ती भिंत सेकंदाला बारा-तेरा वेळा वाकते. लोखंडी तार हातात धरून भराभर उलटसुलट वाकवली की मोडते त्या जागी चटका बसतो, तसंच इथे घडतं. रबर आणि आतले धागे तापत जातात, त्यांच्यातली पकड सुटते आणि एका क्षणी भिंत चिरते. बाहेर पारा 44-45 वर आणि डांबर साठीच्या पलीकडे असेल, तर ही उष्णता निघून जायलाही जागा नसते. हिवाळ्यात कमी हवेचा टायर निभावून नेतो, मे महिन्यात नेत नाही.

त्यात आपली लग्नसराई. पाच जणांच्या गाडीत सात माणसं, डिक्कीत आहेराची भांडी, परतताना आंब्याच्या पेट्या. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत एक स्टिकर असतं, ते सहसा कुणी वाचत नाही. बहुतेक गाड्यांत त्यावर दोन आकडे असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि एक भरल्या गाडीसाठी. वऱ्हाड घेऊन निघाला असाल तर दुसरा पाळा. टायरच्या अंगावर छापलेला 'मॅक्स' हा आकडा मात्र भरायचा नसतो, ती फक्त मर्यादा असते.

पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते. पंपवाल्याने ती देणं बंधनकारक आहे, त्यामुळे संकोच करायचं कारण नाही. पण तिथली गेजं दिवसभर आपटून आपटून बहकलेली असतात. काही शे रुपयांचं स्वतःचं गेज घ्या, पंधरा दिवसांतून एकदा सकाळी लावा, आणि स्टेपनीलाही लावा. वर्षभर कुणी न बघितलेली स्टेपनी गरजेच्या वेळी हमखास बसलेली सापडते.

नायट्रोजनचं अनेकजण विचारतात. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा सावकाश गळतो आणि त्यात ओल नसते, एवढाच फरक. उन्हात तोही हवेसारखाच फुगतो. फुकट मिळाला तर घ्या.

प्रश्न : समृद्धीवर टायर फार फुटतात म्हणे. काँक्रीटमुळे का?
(एक वाचक, नेर)

उत्तर : समृद्धी आपल्या जिल्ह्यातून जात नाही, पण धामणगावहून किंवा कारंज्याहून आपली माणसं तिच्यावर चढतातच. काँक्रीट खरखरीत असतं, त्यावर टायर थोडा लवकर झिजतो, पण नुसत्या काँक्रीटने टायर फुटत नाही. तिथे कारला ताशी 120 ची परवानगी आहे, रस्ता सरळ आहे, मध्ये गाव नाही की गतिरोधक नाही. गावातल्या फेऱ्यांत जे टायर खपून जातात, त्यांची परीक्षा तिथे सलग दोन-तीन तास चालते. म्हणूनच आरटीओच्या पथकांनी प्रवेशाच्या नाक्यांवर टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली.

टायरवर खापर फोडण्याची मात्र आपल्याला फार घाई असते. 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर समृद्धीवरच सिंदखेडराजाजवळ नागपूरहून निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि 25 जण गेले. चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं. आरटीओच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही.

निघण्याआधी आपल्या टायरचं वय बघून घ्या. टायरच्या अंगावर 'डॉट' अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांपुढे अजिबात वापरू नये. माझं मत विचाराल तर विदर्भाच्या उन्हात सहा-सात वर्षं पुरे. गाडी वर्षातून हजार किलोमीटर चालत असेल आणि बाकी दिवस अंगणात उन्हात उभी असेल, तर टायर न झिजताच म्हातारा होतो. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगांचं जाळं दिसलं की समजा. जुन्या टायरांच्या दुकानातला 'बरा दिसणारा' टायर घेणाऱ्यांनी आधी हे चार आकडे वाचावेत.

झीज बघायला मोजपट्टी लागत नाही. टायरच्या कडेला बारीक त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं शोधा आणि तिथून सरळ आत खाचेत बघा. खाचेच्या तळाशी रबराचा लहानसा उंचवटा असतो. त्याची उंची 1.6 मिलिमीटर. नक्षी झिजून उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. कारसाठी कायद्याची मर्यादाही तीच आहे. पावसाळ्याच्या तोंडावर तर मी तिथपर्यंत थांबणारच नाही. नक्षीचं मुख्य काम पाणी बाहेर फेकण्याचं असतं, आणि मृगाच्या पहिल्या सरीत टकला टायर पाण्यावर तरंगतो.

आणि चालत्या गाडीचा टायर फुटलाच, तर पाय ब्रेककडे जाईल, तो आवरा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग आपोआप उतरू द्या, मग डाव्या कडेला घ्या.

प्रश्न : शेतातल्या पांदणीवर बाभळीचा काटा रुतला. काढावा की राहू द्यावा?
(एक शेतकरी वाचक, राळेगाव)

उत्तर : पांदणीवर काढू नका. ट्यूबलेस टायरमध्ये काटा बुचासारखा बसतो, हवा अगदी सावकाश जाते. हवा बघत बघत गावापर्यंत या आणि दुकानातच काढा. बाहेरून घातलेली रबरी पट्टी कामचलाऊ असते. टायर रिमवरून उतरवून आतून लावलेला पॅच टिकाऊ. नक्षीच्या भागातलं भोक दुरुस्त होतं, बाजूच्या भिंतीतलं होत नाही, दुकानदार कितीही 'होऊन जाईल' म्हणाला तरी. वणीकडे कोळशाच्या ट्रकांखाली रस्त्यांची जी दशा होते, तिथे खड्ड्यात आदळून भिंतीवर फुगा येतो. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत. तो टायर त्याच दिवशी बदला.

प्रश्न : दोनच नवे टायर घ्यायचे पैसे आहेत. पुढे टाकू की मागे?
(एक शिक्षिका, दिग्रस)

उत्तर : मागे. दुकानदार 'इंजिन पुढे, ओढ पुढे' म्हणून पुढे टाकायला सांगेल. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी वळणावर सरळ जाते, ते हाताला लगेच कळतं आणि वेग कमी केला की सावरते. मागची घसरली तर गाडीचं शेपूट फिरतं, आणि पुसदकडच्या घाटात ते सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

तुमच्या नव्या गाडीत स्टेपनीच नाही अशी तक्रारही पत्रात आहे. जुलै 2020 पासून नियमच तसा आहे : टायर ट्यूबलेस, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर लहान गाडीला स्टेपनी सक्तीची नाही. पांदणीवरून जाणाऱ्याने मात्र ती विकत घेऊन डिक्कीत टाकावी.

प्रश्न : टायरखेरीज घरच्या घरी काय बघावं?
(एक वाचक, उमरखेड)

उत्तर : सकाळी बॉनेट उघडा. कूलंटच्या पांढऱ्या डब्यात पातळी दोन रेषांच्या मध्ये हवी. तिथे बोअरचं पाणी ओतू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने पातेल्याला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. बॅटरीचा खरा शत्रू थंडी नव्हे, उष्णता आहे. पाण्याची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्याला पातळी बघून डिस्टिल्ड वॉटर घाला. ब्रेक दाबताना किरकिर ऐकू आली तर पॅड संपत आल्याचा तो इशारा असू शकतो, अनेक पॅडना त्यासाठीच धातूची पट्टी लावलेली असते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं. वायपरचं रबर मे महिन्यात कडक होतं, ते पाऊस पडायच्या आधीच बदला.

प्रश्न : टायर काळेच का असतात?
(सातवीतली एक वाचक, आर्णी)

उत्तर : रबराच्या झाडाचा चीक दुधासारखा पांढरा असतो, आणि सुरुवातीचे टायरही फिकटच होते. मग रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे खास तयार केलेली काजळी मिसळली की ते कितीतरी कमी झिजतं, असं दिसून आलं. ती रबराला उन्हापासूनही वाचवते. तेव्हापासून टायर काळे झाले. दुचाकीचे टायर बघायचे असतील तर नागपूरजवळ बुटीबोरीला सिएटचा कारखाना आहे. शाळेची सहल न्यायला सरांना सांगून बघ.

प्रश्न : टायर फुटून अपघात झाला तर विमा कंपनी 'ही देवाची करणी' म्हणून हात वर करू शकते का?
(एक वाचक, वणी)

उत्तर : एका कंपनीने तसा प्रयत्न केला होता. ऑक्टोबर 2010 मध्ये पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या कारचा मागचा टायर फुटला, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि आतल्या एकाचा मृत्यू झाला. न्यायाधिकरणाने 2016 मध्ये कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपये द्यायला सांगितलं. कंपनी उच्च न्यायालयात गेली. 2023 च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. देवाची करणी म्हणजे कुणाही माणसाच्या हातात नसलेली, आधी कल्पना करता न येणारी नैसर्गिक घटना. टायर फुटण्यामागे वेग, कमी किंवा जास्त हवा, जुना टायर, तापमान अशी कारणं असतात, आणि प्रवासाला निघण्याआधी टायर बघणं हे चालकाचं आणि मालकाचं काम आहे, असं न्यायालयाने म्हटलं. भरपाईचा आदेश कायम राहिला.