पाठीवरील आंकडा



खेळाडूच्या अंगावरील सदऱ्याकडे आपण पाहतों, तेव्हां प्रथम रंग दिसतो आणि मागाहून आंकडा. रंग सर्व संघाचा असतो. आंकडा मात्र त्या एकट्या खेळाडूचा असतो, असें आपणांस वाटतें. हें वाटणें कितपत खरें आहे, हाच या लेखाचा विषय होय. नवा गडी संघांत येतो, तेव्हां त्याला अमुकच आंकडा कां मिळतो? तो त्याला कोण देतो? आणि एखाद्या थोर खेळाडूनें गाजविलेला आंकडा त्याच्या मागें दुसऱ्यास द्यावा, कीं पेटींत बंद करून ठेवावा? प्रश्न वरून लहान दिसतो. परंतु याच प्रश्नावरून २०१७ सालीं पालघरच्या एका तरुण गोलंदाजाला असंख्य लोकांचा रोष सोसावा लागला. ती हकीकत यथाक्रम येईलच.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, आंकडा हा खेळाइतका जुना नाहीं. आपल्या सांगलींत १९१५ सालीं जन्मलेले व तेथील मिशन शाळेंत शिकलेले विजय हजारे यांनीं १९४८ च्या जानेवारींत ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड येथें कसोटी सामन्याच्या दोन्ही डावांत शतकें काढलीं. पहिल्या डावांत ११६ व दुसऱ्यांत १४५. एकाच कसोटींत दोन शतकें काढणारे ते पहिले भारतीय होत. त्या दिवशीं त्यांच्या पाठीवर एक अक्षर कीं एक आंकडा नव्हता; नुसता पांढरा सदरा होता. कसोटी सामन्यांत पाठीवर नांव व आंकडा येण्यास १ ऑगस्ट २०१९ हा दिवस उजाडावा लागला.

मात्र त्याच ऑस्ट्रेलियांत दुसऱ्या एका खेळानें आंकड्यांचा स्वीकार फार पूर्वीं केला होता. तो खेळ म्हणजे ‘ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल’. हा आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून निराळा आहे. याचें मैदान लंबवर्तुळाकार, चेंडूहि लंबवर्तुळाकार. प्रत्येक बाजूस अठरा गडी. चेंडू पायानें मारतां येतो, हातांनीं झेलतां येतो आणि मुठीनें टोलवितांहि येतो. अंगांत बहुधा बिनबाह्यांची जर्सी असते. तिला तिकडे ‘जंपर’ म्हणतात. छत्तीस गडी एवढ्या विस्तीर्ण मैदानावर धांवूं लागले म्हणजे दूर बसलेल्या प्रेक्षकाला कोण कोणता हें कसें कळावें? म्हणून व्हिक्टोरिया प्रांताच्या फुटबॉल लीगनें १९१२ सालीं जर्सीवर आंकडे आणले. इंग्लंडांत फुटबॉलच्या लीग सामन्यांत आंकडे प्रथम दिसले ते २५ ऑगस्ट १९२८ रोजीं, आणि ते सक्तीचे झाले १९३९ सालीं. तात्पर्य, आंकडा जन्मास आला तो मान म्हणून मुळींच आला नाहीं. दुरून माणूस ओळखतां यावा, या साध्या सोयीसाठीं आला. आपल्या खो-खोच्या गुणपत्रकांतहि गडी त्याच्या आंकड्यानेंच नोंदला जातो, त्याचें कारण हेंच.

आतां आंकडे वांटण्याच्या मुख्य रीती पाहूं. त्या चार आहेत.

पहिली रीत जागेवरून. जुन्या फुटबॉलमध्यें गोलरक्षकाला १, मधल्या आघाडीवाल्याला ९, अशी वांटणी असे. येथें आंकडा जागेचा असतो; आज एक मनुष्य, उद्यां दुसरा, पण जागा तीच आणि आंकडाहि तोच.

दुसरी रीत क्रमावरून. भारताकडून कसोटी खेळणाऱ्या प्रत्येकाला पदार्पणाच्या क्रमानें एक अनुक्रमांक मिळतो. पूर्वीं एकाच दिवशीं अनेकांनीं पदार्पण केलें, तर बहुधा आडनांवाच्या इंग्रजी आद्याक्षरावरून क्रम लागत असे. १९३२ च्या पहिल्या कसोटींत आपल्या महाराष्ट्राचे यष्टिरक्षक जनार्दन नवले सहावे ठरले व कर्णधार सी. के. नायडू सातवे, तें केवळ वर्णानुक्रमामुळें. हा अनुक्रमांक मागून घेतां येत नाहीं, बदलतां येत नाहीं, आणि दुसऱ्यास देतांहि येत नाहीं.

तिसरी रीत सोडतीसारखी. १९७८ च्या विश्वचषकांत अर्जेंटिनानें वर्णानुक्रमानें आंकडे वांटले. त्यामुळें मधल्या फळींत खेळणाऱ्या आर्दिलेसला २ मिळाला आणि गोलरक्षक फिल्योलला ५. त्याच्या वीस वर्षें आधीं, १९५८ सालीं, ब्राझीलच्या संघांतहि आंकड्यांचा जागेशीं कांहीं मेळ नव्हता. गोलरक्षकाच्या पाठीवर ३ होता, आणि सतरा वर्षांच्या पेले नांवाच्या एका मुलाच्या वांट्यास १० आला होता. त्या मुलानें पुढें काय केलें, हें जगास ठाऊक आहे. तेव्हांपासून फुटबॉलमध्यें १० या आंकड्याला जें तेज चढलें, तें पेलेनें चढविलें. आंकड्यानें पेलेला कांहीं दिलें नव्हतें.

चौथी रीत संस्थेनें देण्याची. आणि हिच्यासाठींच मीं ऑस्ट्रेलियाचें नांव काढलें. तेथें अठरा क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा आहे. दरवर्षीं मोसम संपला कीं कांहीं खेळाडू निवृत्त होतात, त्यांचे आंकडे मोकळे होतात, आणि नव्यानें निवडलेलीं अठरा-एकोणीस वर्षांचीं मुलें दाखल होतात. कोणाला काय द्यावें, हें क्लब ठरवितो. सामान्यतः लहान आंकड्यांना जुन्या खेळाडूंची मागणी असते. नवागताच्या वांट्यास तीस-चाळिशींतला आंकडा येणें हें नेहमींचें. तो चांगला खेळला, तर पुढें एखादा लहान आंकडा मोकळा झाल्यावर त्याला बदल मागतां येतो. कांहीं क्लबांत एखाद्या आंकड्याला विशेष अर्थ आहे; पोर्ट ॲडलेड क्लबांत १ हा आंकडा कर्णधारानें घालावा, अशी जुनी प्रथा आहे. थोर खेळाडू निवृत्त झाला, तरी त्याचा आंकडा सहसा बंद होत नाहीं. तो फिरून कोणा नव्याच्या अंगावर येतो.

पिता-पुत्रांच्या दोन गोष्टी या ठिकाणीं सांगण्यासारख्या आहेत. कॉलिंगवुड क्लबाकडून पीटर डायकोस हा १९७९ ते १९९३ पर्यंत ३५ आंकडा घालून खेळला व फार नांवाजला गेला. त्याचा मुलगा निक २०२१ सालीं त्याच क्लबांत निवडला गेला. त्यानें बापाचाच ३५ घेतला, आणि तो भार समर्थपणें वाहिला. दुसरीकडे, जीलाँग क्लबाचा गॅरी ॲब्लेट याचा आंकडा ५ होता. त्याच नांवाचा त्याचा मुलगा त्याच क्लबांत आला, पण तो २९ घालून खेळला. त्यानें त्या स्पर्धेंतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचें ब्राउनलो पदक दोनदां मिळविलें, २००९ व २०१३ सालीं. पहिल्या वेळीं पाठीवर २९ होता, तर दुसऱ्या वेळीं दुसऱ्या क्लबाचा ९. एकानें वडिलांचा आंकडा घेतला, दुसऱ्यानें घेतला नाहीं. दोघेहि मोठे झाले. घेण्यांत उद्धटपणा नव्हता, आणि न घेण्यांत भित्रेपणा नव्हता.

आतां घरीं परत येऊं. सांगलीजवळच्या माधवनगरांत वाढलेली स्मृति मानधना भारतीय संघांत गेली, तेव्हां तिला ७ हा आंकडा हवा होता. कां, तर तो तिचा शाळेंतला हजेरी-क्रमांक होता! परंतु ७ मोकळा नव्हता. तिचा जन्म १८ जुलैचा. म्हणून १८ घ्यावा, असें सुचविण्यांत आलें, आणि तिनें तो घेतला. पुरुषांच्या संघांत विराट कोहलीची ओळखहि १८ हीच आहे. त्यामुळें दोघांची तुलना पुष्कळदां होते. पण २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत भारतीय महिलांनीं विश्वचषक जिंकला, तेव्हां सांगली जिल्ह्यांतील मुलींच्या दृष्टीनें १८ हा आंकडा कोणाचा होता, हें सांगावयास नको. जो मागितला तो मिळाला नाहीं. जो मिळाला त्याचें तिनें सोनें केलें.

आतां पालघरची हकीकत. सचिन तेंडुलकर यानें एकदिवसीय सामन्यांत ९९ व ३३ हे आंकडेहि घातले होते. पण लोकांच्या मनांत बसला तो १०. तो आपला शेवटचा एकदिवसीय सामना १८ मार्च २०१२ रोजीं खेळला. त्याच्या मागें पांच वर्षें भारताकडून तो आंकडा कोणी घातला नाहीं. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं कोलंबो येथें शार्दुल ठाकूर यानें एकदिवसीय सामन्यांत पदार्पण केलें, तें १० आंकडा घालून. त्याचा जन्म १६ ऑक्टोबर १९९१ चा. त्या तारखेंतील सर्व अंकांची बेरीज अठ्ठावीस होते व त्यांची पुन्हां बेरीज दहा होते, असा त्याचा साधा हिशेब होता. नियमाविरुद्ध त्यानें कांहींहि केलें नव्हतें. आंकडा मोकळा होता. तरीहि लोकांनीं त्याच्यावर टीकेची झोड उठविली. ‘याची योग्यता काय?’ असा सूर निघाला. पुढें १० हा आंकडा कोणास न देण्याचें क्रिकेट मंडळानें अनौपचारिकपणें ठरविल्याचें प्रसिद्ध झालें, आणि शार्दुल ५४ घालून खेळूं लागला.

लोकांची भावना खोटी होती, असें मी म्हणत नाहीं. कृतज्ञता हा सद्गुणच आहे. परंतु प्रश्न विचारणाऱ्यांनीं एक गोष्ट लक्षांत घेतली नाहीं. १५ नोव्हेंबर १९८९ रोजीं कराचीस भारताच्या दोन मुलांनीं कसोटींत पदार्पण केलें. एक सोलापुरांत जन्मलेला सलील अंकोला, दुसरा मुंबईचा सचिन तेंडुलकर. वर्णानुक्रमानें अंकोलाचा अनुक्रमांक १८६ लागला व तेंडुलकरचा १८७. दोन शेजारचे आंकडे, एकच दिवस, एकच मैदान. एक त्यानंतर पुन्हां कसोटी खेळला नाहीं. दुसरा दोनशें कसोटी खेळला. त्या सकाळीं १८७ मध्यें १८६ पेक्षां अधिक असें काय होतें? कांहीं नाहीं. पदार्पणाच्या दिवशीं सोळा वर्षांच्या सचिनला कोणी ‘याची योग्यता काय?’ असें विचारलें असतें, तर त्याच्यापाशीं तरी काय उत्तर होतें? नव्याची योग्यता ही नेहमीं पुढें सिद्ध व्हावयाची असते. ती आधीं दाखव, मग आंकडा घे, असें म्हणणें म्हणजे पोहतां आल्यावांचून पाण्यांत उतरूं नको, असें म्हणण्यासारखें आहे.

तर मग आंकडा कधींच बंद करूं नये काय? एक उदाहरण मला निराळें वाटतें. अमेरिकेंतील बेसबॉलच्या मुख्य स्पर्धेंत वर्णभेदामुळें कृष्णवर्णीयांना कित्येक दशकें मज्जाव होता. १५ एप्रिल १९४७ रोजीं जॅकी रॉबिन्सन यानें तो बांध फोडला. त्याच्या पाठीवर ४२ होता. १९९७ सालीं त्या स्पर्धेंतील सर्व संघांनीं ४२ हा आंकडा नव्यानें कोणास न देण्याचें ठरविलें. परंतु त्यांनीं तो पेटींत कुजूं दिला नाहीं. २००९ पासून दरवर्षीं १५ एप्रिलला प्रत्येक संघाचा प्रत्येक खेळाडू ४२ घालून मैदानांत उतरतो. एकाचा आंकडा त्या एका दिवशीं सर्वांचा होतो. बंद करावयाचा, तर असा करावा.

एरवीं मला ऑस्ट्रेलियाची रीतच अधिक शहाणपणाची वाटते. घरांत आजोबांचें नांव नातवाला ठेवतात. त्यानें आजोबांचा अपमान होतो, असें कोणी म्हणत नाहीं. उलट नातवाला हांक मारतांना आजोबांची आठवण होते. आंकड्याचेंहि तसेंच आहे. तो खेळाडूच्या मालकीचा नसून त्याच्याकडे कांहीं वर्षांपुरता ठेव म्हणून आलेला असतो. ठेव वाढवून परत करणें हें त्याचें काम, आणि पुढच्याला विश्वासानें देणें हें संस्थेचें काम.

शेवटीं एक सूचना. आपल्या शाळेच्या कबड्डी व खो-खोच्या संघांत मुलें दरवर्षीं बदलतात. जर्सीचे आंकडे मात्र तेच राहतात. कोणाला लहान हवा असतो, कोणाला एखाद्या नामांकित खेळाडूचा. आणि वांटणीच्या दिवशीं रुसवेफुगवे होतात. क्रीडाविभागानें एक वही करावी. प्रत्येक आंकड्यास एक पान द्यावें, आणि तो आंकडा ज्यानें ज्यानें घातला त्याचें नांव व वर्ष त्या पानावर लिहावें. नवा मुलगा किंवा मुलगी जर्सी घेण्यास येईल, तेव्हां आधीं तें पान वाचावें व मग त्याखालीं आपलें नांव लिहावें. एखाद्या पानावर अजून एकहि नांव नसेल, तर तें पान ज्याच्या वांट्यास येईल त्यानें खिन्न होऊं नये. त्या पानावर पहिलें नांव त्याचेंच असेल.