आधी बैठक, मग बोअर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बिडाची ओतीव कामं कायम येतात. पंपाची बॉडी, बेअरिंगचं हाउसिंग, गिअरबॉक्सची झाकणं. यातल्या कितीतरी जॉबना चकमध्ये धरायला गोल बाजूच नसते. हॉरिझॉन्टल बोरिंग मशीन प्रत्येक शॉपला परवडत नाही, मग सेंटर लेथ आणि घरीच बनवलेलं फिक्स्चर यांवर काम निघतं. बोअर कसा येणार हे टूल लागण्याआधी, जॉब बांधतानाच ठरतं, असं माझं पक्कं मत झालं आहे.

1. बैठकीचा शेवटचा कट आपल्याच लेथवर मारा. फिक्स्चर फेसप्लेटला बोल्ट करून मगच जॉब टेकण्याची बाजू फेस करा, म्हणजे ती स्पिंडलला काटकोनात येते. स्पिगॉटही त्याच सेटिंगमध्ये काढा आणि त्याच्या मुळाशी बारीक खाच ठेवा. खाच नसेल तर तिथे अडकलेली एक चिपसुद्धा जॉब तिरका बसवते. फेसप्लेट आणि फिक्स्चर दोन्हींवर खूण करा. पुढच्या वेळी खुणा जुळवून चढवलं तरी डायल लावून बघाच.

2. कच्च्या ओतीव बाजूला तीनच टेकणं द्या. चौथं दिलं की जॉब डुलतो, आणि क्लॅम्प आवळून तो डोल दाबला तर बिडालाच पीळ बसतो. क्लॅम्प टेकणाच्या बरोबर वर हवा. आवळताना जॉबवर डायल ठेवा. काटा हलला तर खाली फट आहे, तिथे शिम घाला. फिनिश कटाआधी क्लॅम्प सैल करून पुन्हा बेताने आवळा. पातळ भिंतीच्या हाउसिंगला हे टाळलं, तर मशीनवर गोल दिसणारा बोअर खाली उतरवल्यावर लंबगोल निघतो.

3. एका बाजूला वजन आलं की समोर काउंटरवेट लावा. गिअर न्यूट्रलला ठेवून फेसप्लेट हाताने फिरवा. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल, तर तोल साधलेला नाही.

4. बोरिंग बारची झेप, म्हणजे टूलपोस्टबाहेर आलेली लांबी, कमी ठेवा. झेप दुप्पट झाली की त्याच भाराखाली बार आठपट वाकतो. जाडी दुप्पट केली तर वाकणं सोळापट कमी होतं. स्टीलच्या बारला जाडीच्या चौपटीपुढे झेप देऊ नये. फिक्स्चरचे क्लॅम्प आणि नट बारच्या वाटेत आले, तर बार नाइलाजाने लांब काढावा लागतो. म्हणून कागदावर रेघ मारतानाच बारची वाट मोकळी ठेवा.

5. दोन बेअरिंगचे बोअर एका रेषेत हवे असतील, तर बार दोन सेंटरमध्ये फिरवा आणि जॉब सॅडलवर बांधा. 1775 च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्सनने वॅटच्या इंजिनासाठी सिलिंडर बोअर केले, ते आरपार गेलेल्या आणि दोन्ही टोकांना आधार असलेल्या बारवरच. ही पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते. टेलस्टॉक किंचित सरकलेला असला तरी बोअरला टेपर येत नाही, कारण टूल बारवर एकाच जागी असतं आणि जॉब बेडला समांतर सरकतो. बार मात्र बोअरच्या दुपटीहून लांब हवा. जॉबखालच्या प्लेटची उंची जरा कमी ठेवून शिमने सेंटर साधा. टूल बसवताना मायक्रोमीटर टूलच्या टोकावर आणि बारच्या मागच्या बाजूवर लावा. 40 मि.मी.च्या बारने 50 चा बोअर हवा असेल, तर माप 45 यायला हवं.

6. वेल्डिंग करून बनवलेलं फिक्स्चर मशीनिंगआधी भट्टीत स्ट्रेस रिलीव्ह करून घ्या. नाहीतर ते पुढे हलत राहतं. जमत असेल तर बिडाचंच ओतून घ्या, बीड थरथर शोषून घेतं.

7. फिरत्या फिक्स्चरवरचा बाहेर आलेला बोल्ट स्पीड वाढला की डोळ्यांना दिसत नाही. बोल्ट आखूड वापरा, बाह्या दुमडा, आणि स्टार्टचं बटण दाबण्याआधी एक पूर्ण फेरा हाताने फिरवून बेड, सॅडल आणि टूलपोस्टला काही लागत नाही ना ते बघा.