आवृत्ती, अक्षरे आणि परिषद

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली म्हणून पहिली आवृत्ती निरुपयोगी होत नाही. कपाटातील जुने पुस्तक वाचणाऱ्यास पूर्वीइतकेच उपयोगी पडते. संगणकाच्या जगात मात्र ‘आवृत्ती’ या शब्दाचा अर्थ काहीसा निराळा आहे. तेथे नवी आवृत्ती निघाली की तिच्या आधारावर उभे असलेले सर्व काम पुन्हा तपासून पाहावे लागते. आणि काही वर्षांनी जुन्या आवृत्तीची दुरुस्ती करणारे हात थांबतात. हे असे का होते, आणि आपल्या मराठी अक्षरांशी त्याचा संबंध काय, हे येथे पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रोग्रॅम लिहिणारा मनुष्य उघड्या जमिनीवर घर बांधीत नाही. अक्षर पडद्यावर उमटविणे, तारखांचा हिशेब ठेवणे, दूरच्या संगणकाकडून माहिती मागविणे, ही कामे कोणीतरी अगोदरच करून ठेवलेली असतात. घराला जसे जोते, तसा प्रोग्रॅमला हा तयार पाया. यालाच प्लॅटफॉर्म म्हणतात. आपल्या फोनमधील अँड्रॉइड हा एक प्लॅटफॉर्म. पायथॉनसारखी भाषा व तिच्याबरोबर येणारी साधने हा दुसरा. (पायथॉन हे नाव अजगरावरून पडलेले नाही, ते एका ब्रिटिश विनोदी नटमंडळाच्या नावावरून घेतलेले आहे.) ही भाषा गिडो व्हान रोसम यांनी १९९१ साली लोकांपुढे ठेवली. डिसेंबर २००८ मध्ये तिची तिसरी मोठी आवृत्ती निघाली, आणि जुने प्रोग्रॅम तिच्यावर जसेच्या तसे चालेनात. जगभरच्या प्रोग्रॅमरांनी कुरकुर केली. दोन्ही आवृत्त्या अनेक वर्षे शेजारी शेजारी चालल्या, आणि अखेर १ जानेवारी २०२० रोजी दुसऱ्या आवृत्तीचा पाठिंबा संपला.

एवढा खटाटोप कशासाठी? त्याच्या अनेक कारणांपैकी एक मोठे कारण होते लिपीचे, आणि म्हणून ते आपल्या विशेष कामाचे आहे.

संगणकास अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षरचिन्हास एक क्रमांक दिलेला असतो. ‘बेटमा’ हेच नाव घ्या. ब म्हणजे २३४८, एकाराची मात्रा २३७५, ट म्हणजे २३३५, म म्हणजे २३५० आणि काना २३६६. चिन्हे झाली पाच. हे क्रमांक साठविण्याची जी सर्वांत प्रचलित पद्धत आहे, तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे एकूण पंधरा. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीस अशा प्रकारे लिहिलेल्या साध्या शब्दाची लांबी विचारली, तर ती पंधरा असे सांगे. योग्य मोजणीची वेगळी तजवीज तिच्यात होती, पण ती आठवणीने करावी लागे, आणि रोमन लिपीत काम करणाऱ्यास ती आठवण कशी व्हावी? तिसरी आवृत्ती पाच असे सांगते. पहिलीतला मुलगा बे-ट-मा असे बोटांवर मोजून तीन म्हणेल. २०१४ साली ॲपल कंपनीने आपल्या प्रोग्रॅमर-परिषदेत जाहीर केलेली स्विफ्ट ही भाषाही तीनच सांगते.

पंधरा, पाच आणि तीन. ही केवळ गंमत नव्हे. समजा, एखाद्या अर्जात नावास चारच चिन्हांची जागा ठेवली आहे. मग ‘बेटमा’चे ‘बेटम’ होते आणि काना गळून पडतो. तोडणी बाइटांच्या हिशेबाने झाली तर अक्षर मधोमध चिरले जाते आणि कागदावर नुसते चौकोन उमटतात. ज्या मुलाचे नाव प्रमाणपत्रावर असे छापून येईल, त्याला हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे सांगावयास नको.

क्रमांकांची ही यादी तरी कोणी केली? भारतात देवनागरी व इतर भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची संहिता तयार झाली, आणि १९९१ साली तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांस एकत्र आणू पाहणारी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली; तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे. परंतु यादी झाली म्हणजे काम संपले, असे समजू नये. मराठीचा ‘ॲ’ पाहा. या अक्षरास स्वतंत्र क्रमांक (२४१८) मिळाला तो २००८ साली, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत आपण अ लिहून त्यावर चंद्र बसवीत होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकास मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. जुन्या पद्धतीने लिहिलेले ‘ॲल्युमिनियम’ नव्या पद्धतीने शोधू गेल्यास पुष्कळदा सापडतच नाही. रुपयाचे ₹ हे चिन्ह २०१० साली यादीत आले. आणि सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीने देवनागरीतील जोडाक्षरे मोजण्याचा नियम सुधारला: ‘क्षि’ हे पूर्वीच्या नियमाने क् आणि षि असे दोन तुकडे ठरत असे, ते आता एक अक्षर ठरते. बत्तीस वर्षांनी! उशीर झाला खरा, पण झाले ते योग्यच झाले, असे आम्हांस वाटते.

लिपी बदलली की जुने लेखन परके होते, याचे उदाहरण आपल्या गावाच्याच नावाने प्रसिद्ध आहे. बेटमा येथे मिळालेला परमार राजा भोज याचा ताम्रपट विक्रम संवत १०७६, म्हणजे इ. स. १०२० चा आहे. कोकण जिंकल्याच्या पर्वानिमित्त दिलेले ते दानपत्र होय. लिपी नागरीच, परंतु आजच्या विद्यार्थ्यास ते सहज वाचता यावयाचे नाही, जाणत्याची मदत घ्यावी लागेल. ताम्रपटास निदान हजार वर्षे तग धरता आली. संगणकावरील लेखास असा जाणता वीस वर्षांतच लागतो.

आता परिषदेविषयी. प्रोग्रॅमरांच्या परिषदा दोन जातीच्या असतात. एक कंपन्यांची: ॲपलची जूनमध्ये, गूगलची बहुधा मे महिन्यात. तेथे नव्या आवृत्त्या थाटाने जाहीर होतात; शिक्षण अर्धे, जाहिरात अर्धी. दुसरी जात स्वयंसेवकांची. पायथॉन वापरणाऱ्यांची भारतीय परिषद, पायकॉन इंडिया, २००९ साली बेंगळुरूस प्रथम भरली, २०११ साली ती पुण्यात झाली. येथे व्याख्यानाचे प्रस्ताव काही महिने आधी मागविले जातात, आणि ते पाठविण्यास पदवीची अट नसते. इंदूरजवळच्या मुलास पहिल्या जातीपेक्षा या दुसऱ्या जातीचा लाभ अधिक, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र येत्या परिषदेची वाट पाहताना वेळापत्रक ध्यानी धरावे. पायथॉनची नवी आवृत्ती आता दरवर्षी ऑक्टोबरात निघते, ३.१४ ही ७ ऑक्टोबर २०२५ रोजी निघाली. प्रत्येक आवृत्तीस सुमारे पाच वर्षे पाठिंबा मिळतो. २०२० ची ३.९ ही २०२५ मध्येच निवृत्त झाली. ऑक्टोबरच्या आवृत्तीत नवे काही घालण्याची मुदत साधारणतः मे महिन्यात संपते, आणि तेव्हापासून चाचणीसाठी कच्ची प्रत सर्वांस खुली असते. दोष दाखवावयाचा तो याच काळात; आवृत्ती पक्की झाल्यावर केलेली तक्रार पुढील दुरुस्तीची वाट पाहत बसते. शाळेस त्या वेळी उन्हाळ्याची सुटी असते, हा योग बरा जुळला आहे. परदेशातील प्रोग्रॅमरास ‘ॲ’ची अडचण आपण होऊन सुचणार नाही. ती ज्याला रोज येते त्यानेच कळवावयास हवी, आणि तक्रार नोंदविण्याचे दार सर्वांस उघडे असते.

ज्यांच्या घरी किंवा शाळेत संगणक आहे, त्यांनी तिसऱ्या पायथॉनवर दोन गोष्टी करून पाहाव्यात. ‘बेरीज’ असे नाव देऊन त्यात एखादी संख्या साठवावी. मराठी नाव चालते, मात्र संख्या इंग्रजी अंकांतच लिहावी लागते. मग ‘१०२०’ हे देवनागरी अंक अवतरणचिन्हांत घालून त्यांचे संख्येत रूपांतर करावयास सांगावे. तेही ती भाषा बिनतक्रार करते. त्यानंतर ‘लक्ष्मी’ या शब्दाची लांबी विचारावी. उत्तर सात येईल. बाइट मोजल्यास एकवीस, युनिकोडच्या जुन्या नियमाने चार, नव्या नियमाने दोन. ही चारही उत्तरे कशी येतात, ते शब्दाची फोड करून वहीत मांडावे.