‘विचार करण्यात येईल’ : पदोन्नतीच्या नियमांची भाषा

कार्यालयीन मराठीतील वाक्य नेहमी शेवटाकडून वाचावे. हक्क कोठे संपतो आणि केवळ शक्यता कोठे सुरू होते, हे क्रियापदच सांगते. प्रादेशिक सेनेतील अधिकाऱ्यांच्या पदोन्नतीच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

समजा, म्हसळ्याच्या एखाद्या विद्यालयातील शिक्षक या सेनेत अधिकारी आहे. १९४८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेली ही सेना नोकरी-व्यवसाय सांभाळणाऱ्या नागरिकांची आहे. तिचे उद्घाटन ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी केले. हा शिक्षक दरवर्षी दोन महिने वार्षिक शिबिरात असतो, एरवी फळ्यासमोर. गावकरी विचारतात, “सर, मेजर कधी होणार?” प्रश्नातले ‘होणार’ निश्चयार्थी आहे, नियमातले क्रियापद तसे नाही.

लेफ्टनंट कर्नलपर्यंतची पदोन्नती सेवाकालानुसार, ‘विहित अटींची पूर्तता केल्यास’ मिळते. येथे वाक्याचा सारा भार ‘केल्यास’ या एका रूपावर आहे. अट पूर्ण करणे मात्र बव्हंशी अधिकाऱ्याच्या हाती असते. कर्नल आणि ब्रिगेडियर ही पदे निवडीने दिली जातात. तेथे ‘देण्यात येईल’ याऐवजी ‘देण्याबाबत विचार करण्यात येईल’ अशी रचना योग्य ठरते. ‘-ण्यात येणे’ या रचनेत कर्ता लुप्त असतो. विचार कोण करणार, कोणत्या निकषांवर करणार, हे वाक्य सांगत नाही; ते अन्यत्र शोधावे लागते. शासकीय मराठीला या रचनेचा फार लोभ आहे, आणि तो नेहमीच निरागस असतो असे मला वाटत नाही.

तरीही ‘विचार’ हा शब्द पोकळ नाही. मुलकी सेवेसंबंधीच्या अजित सिंग खटल्यात (१९९९) सर्वोच्च न्यायालयाने पदोन्नतीसाठी विचार होणे हा अनुच्छेद १६ खालील मूलभूत हक्क मानला. प्रत्यक्ष पदोन्नती हा तसा हक्क नव्हे. म्हणजे ज्याचा विचारच झाला नाही त्याला दाद मागता येते. विचारान्ती ज्याची निवड झाली नाही, त्याला केवळ तेवढ्या कारणाने नाही.

‘मानद’ या विशेषणाकडेही लक्ष द्या. महेंद्रसिंग धोनी यांना २०११ मध्ये याच सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल हे पद मिळाले. ते सन्मानाने आले, पदोन्नतीच्या पायऱ्यांनी नव्हे.

बाणकोट खाडीपलीकडच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे रामजी सकपाळ यांचे मूळ गाव. लोक त्यांना आजही ‘सुभेदार रामजी’ म्हणून ओळखतात. कोकणात हुद्दा असा नावालाच चिकटतो. म्हणूनच गावकऱ्यांच्या ‘होणार’मध्ये नियमापेक्षा अधिक काही असते, आणि शिक्षकाला उत्तर देणे जड जाते.

सरावासाठी : ‘पात्र अधिकाऱ्यांना पदोन्नती देण्यात येईल’ आणि ‘पात्र अधिकाऱ्यांचा पदोन्नतीसाठी विचार करण्यात येईल’ ही वाक्ये कर्तरी प्रयोगात लिहा. प्रत्येक वेळी कर्ता म्हणून कोणाला घ्यावे लागले, ते नोंदवा.