हिशेबाची अमानत आणि यूपीएस

व्यापारी बांधवांनो, आज चोपडीची जागा कॉम्प्युटरने घेतली आहे. जालना एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात जा की बियाण्यांच्या गोदामात, बिल कॉम्प्युटरवरच निघते. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला. 1 एप्रिल 2018 पासून परराज्यात माल पाठवण्यासाठी ई-वे बिल लागू झाले. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला की भरलेला ट्रक गेटवरच उभा राहतो.

माझ्या कापडाच्या दुकानात एकदा ईदच्या ऐन गर्दीत वीज गेली. ती परत आली, पण हिशेबाची फाइल काही उघडेना. यूपीएस होता, मात्र त्याची बॅटरी चार वर्षांची झाली होती आणि ती कुणी तपासलीच नव्हती. चार दिवसांच्या उधारीच्या नोंदी गेल्या. एक जुने गिऱ्हाईक म्हणाले, "शेठ, मी पैसे दिलेत." माझ्याकडे पुरावा नव्हता, त्यांच्याकडे पावती नव्हती. मी त्यांचा शब्द मानला, पण दोघांच्याही मनात खटका राहिला. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. लिहिलेले सांभाळणे हीसुद्धा अमानतच आहे.

कोणता घ्यावा? औद्योगिक वसाहतीत जवळची मोठी मोटार सुरू झाली की व्होल्टेज क्षणभर खाली बसते. दिवा नुसता मंद होतो, पण कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि फाइल अर्धवट लिहिली जाते. दुकान-ऑफिसला 'लाइन इंटरॅक्टिव्ह' यूपीएस पुरतो. तो थोडेफार कमी-जास्त व्होल्टेज बॅटरी न वापरता सावरतो आणि वीज गेली तर काही मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो. सर्व्हर असेल तर महाग असला तरी 'ऑनलाइन' यूपीएस घ्यावा. घरगुती साधा इन्व्हर्टर वीज बदलायला जास्त वेळ घेतो. त्यावर कॉम्प्युटर बंद पडू शकतो.

किती मोठा? डब्यावरचा व्हीएचा आकडा म्हणजे वॅट नव्हे. 600 व्हीएचे अनेक यूपीएस 360 वॅटच देतात. त्यात साधारणतः 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे 84 वॅट-अवर. कॉम्प्युटर, मॉनिटर व राउटर मिळून 135 वॅट धरले तर कागदावर 37 मिनिटे होतात. प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही मिळतील याचा भरवसा नाही. हा वेळ काम चालू ठेवण्यासाठी नाही. फाइल सेव्ह करून कॉम्प्युटर रीतसर बंद करण्यासाठी आहे.

काळजी कशी घ्यावी?

1. लेझर प्रिंटर व पंखा यूपीएसवर लावू नका. लेझर प्रिंटर कागद तापवताना एकदम जास्त वीज ओढतो.

2. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग लावला म्हणजे अर्थिंग झाले असे नाही.

3. यूपीएस पत्र्याखाली किंवा उन्हात ठेवू नका. बॅटरीचे तापमान 25 अंशांवरून 35 वर गेले की तिचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. जालन्याच्या मे महिन्यात हे विसरून चालणार नाही.

4. महिन्यातून एकदा सर्व कामे सेव्ह करून भिंतीवरचे बटण बंद करा आणि यूपीएस किती मिनिटे टिकतो ते लिहून ठेवा. वेळ निम्म्यावर आली की बॅटरी बदला. साधारण दोन-तीन वर्षांत ही वेळ येतेच. बॅटरीवर तारीख घाला.

5. जुनी बॅटरी भंगारात फोडू देऊ नका, आत शिसे व तेजाब असते. ती विक्रेत्याला परत द्या. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

शेवटची गोष्ट म्हणजे, यूपीएस वीज सांभाळतो, हार्ड डिस्क नव्हे. रोज दुकान वाढवताना हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि ती घरी न्या. हे काम मुनीमजींवर सोपवले तरी आठवड्यातून एकदा ती प्रत उघडते की नाही, हे मालकाने स्वतः पाहावे. चांगली बॅटरी एका थानाच्या किमतीत येते. बुडालेला हिशेब आणि गेलेला विश्वास मात्र पैशाने परत येत नाही. अल्लाह आपल्या सर्वांच्या व्यवहारात बरकत देवो.